टाळीमास्तरांचा हात

गल्लीत त्यांना सगळे टाळीमास्तर म्हणायचे. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं. एका वृत्तवाहिनीच्या चर्चेच्या कार्यक्रमात जी माणसं प्रेक्षक म्हणून बसतात ती गोळा करायची, बाकांवर बसवायची आणि त्यांच्याकडून टाळ्या वाजवून घ्यायच्या, हे त्यांचं काम. बारा वर्षं केलं त्यांनी ते. आणि मन लावून केलं, खोटं कशाला बोला.

त्याआधी ते सभांना सतरंज्या घालायचे, मैदानात कर्णे बांधायचे. त्या काळी पुढारी दोन-दोन तास बोलत आणि लोक चिठ्ठ्या पाठवून प्रश्न विचारत. एकदा एका पुढाऱ्याने अशीच एक चिठ्ठी वाचली आणि तो माइकसमोर नुसता उभा राहिला. मिनिटभर तरी. आपलीच वायर तुटली की काय, म्हणून मास्तर माइकपाशी धावले. मग पुढारी म्हणाला, "हे आमचं चुकलं. पुढच्या महिन्यात दुरुस्त करतो." टाळी एकही पडली नाही. लोक उठले, कपडे झटकून घरी गेले. पुढच्या महिन्यात काम झालं.

मग वाहिन्या आल्या आणि मैदानं ओस पडली. उन्हात पाच हजार माणसं जमवण्यापेक्षा गार खोलीत दोनशे बसवली की लाखो लोक घरबसल्या बघतात, हे पुढाऱ्यांना उमगलं. सतरंज्या माळ्यावर गेल्या आणि मास्तर स्टुडिओत.

तिथलं काम त्यांनी झटकन उचललं. रागीट चेहऱ्याचे पुढच्या बाकावर, माना डोलावणारे मध्ये, डुलक्या काढणारे पार मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे. कार्यक्रमाआधी तीनदा तालीम. मास्तरांचा उजवा हात वर गेला की टाळ्या, मनगट फिरलं की आणखी जोरात, मूठ मिटली की बंद. माणसं अशी तयार व्हायची की मास्तरांनी डोकं खाजवायला हात उचलला तरी चार टाळ्या पडायच्या.

कार्यक्रमाची प्रमुख त्यांच्या लेकीच्या वयाची. तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की काका, तीन सेकंद कुणी बोललं नाही तर घरातला माणूस रिमोट उचलतो. तो गेला की जाहिरातवाले गेले, आणि जाहिरातवाले गेले की तुम्ही-आम्ही घरी. तेव्हा तीन मोजायचे आणि हात वर करायचा. सुरुवातीला मास्तर मनात मोजायचे. पुढे मोजावंही लागेना. हात आपला आपण जायचा. हे येणाऱ्या पाहुण्यांच्याही लक्षात आलं होतं. अडचणीचा प्रश्न आला की ते गोड हसून गप्प बसायचे. तेवढ्यात टाळ्या येऊन त्यांची सुटका करायच्या.

मास्तरांची थोरली बहीण, अक्का, वस्तीतल्या सरकारी प्रसूतिगृहात परिचारिका होती. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच धाकट्याला लहानाचं मोठं केलं. कामावर निघताना ती देवापुढे क्षणभर डोळे मिटायची. एखादीची सुटका अवघड झाली की ओठांतल्या ओठांत त्याचंच नाव घ्यायची. ते प्रसूतिगृह बंद करून त्या जागेवर काहीतरी टोलेजंग उभं राहणार, अशी कुजबुज वर्षभर चालली होती. अक्काने अर्ज केले, मंत्र्यांच्या दारात दोनदा ताटकळली. कुणी हो म्हणेना, कुणी नाही म्हणेना.

निवडणूक तोंडावर आली आणि तेच मंत्री कार्यक्रमाला येणार असं कळलं. अक्का भावाकडे आली. आजवर तिने त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मला एक प्रश्न विचारू दे, म्हणाली, उत्तर काय ते सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे. मास्तरांनी तिला तिसऱ्या बाकावर, माइक पोचेल अशा जागी बसवलं.

ती उभी राहिली. तिने माइक दोन्ही हातांनी धरला.

"साहेब, आमचं प्रसूतिगृह बंद होणार की नाही? एका शब्दात सांगा. अकरा जणी बाळंतपणासाठी नाव घालून बसल्यात, त्यांना मी काय सांगू?"

मंत्री हसले नाहीत. त्यांनी हातातले कागद खाली ठेवले. चष्मा काढला. अक्काकडे बघत राहिले. काहीतरी त्यांच्या ओठांपर्यंत आलं होतं. मास्तरांनी ते स्पष्ट पाहिलं, कारण अगदी असाच चेहरा त्यांनी एकदा मैदानात पाहिला होता. हे त्यांना आठवलंसुद्धा. पण तोवर हात वर गेला होता.

दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्यात कपट नव्हतं, बिचाऱ्यांनी अक्कासाठीच वाजवल्या. मंत्री दचकले. मग चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढला, हसू जागेवर आलं. त्यांनी अक्काला हात जोडले आणि अशा ताईंच्या जिवावर हा देश उभा आहे, असं काहीसं म्हणाले. पुन्हा टाळ्या. जाहिरात.

कार्यक्रमाची प्रमुख धावत आली. "काका, काय वेळ साधलीत!"

तेवढाच तुकडा आठवडाभर सगळीकडे फिरला. जोडलेले हात, टाळ्या, अक्काचा चेहरा. तिचा प्रश्न मात्र कापला होता. गल्लीतल्या बायका तिचं अभिनंदन करायला आल्या. तिने सगळ्यांना चहा केला.

मंत्री निवडून आले. चार महिन्यांत प्रसूतिगृहाला कुलूप लागलं आणि अक्काची बदली दोन बस बदलून जावं लागेल अशा इस्पितळात झाली. त्या अकरा जणींमधली शेवटची वाटेत रिक्षातच बाळंत झाली. बाळ-बाळंतीण वाचली, देवाची कृपा. पण माणसांनी करायचं तेही त्याच्याच कृपेवर किती टाकायचं?

मास्तरांनी त्यानंतर नोकरी सोडली असं नाही. घर चालवायचं होतं. आणखी दोन वर्षं हात वर जातच राहिला. ते घरी बसले, त्यानंतरच्या एका दुपारी अक्काकडे गेले. ती मटार सोलत होती. तेही सोलू लागले. दोन वर्षं जे बोलायचं राहिलं होतं, ते खाली बघूनच बोलले.

"अक्का, तो बोलणार होता. मी पाहिलं होतं. माझ्यामुळे राहिलं."

अक्काने हातातली शेंग तशीच ठेवली. काही बोलली नाही. तीन सेकंद गेले. मास्तरांचा उजवा हात चुळबुळायला लागला, तेव्हा त्यांनी तो डाव्या हाताने मांडीवर दाबून धरला. आणखी किती वेळ गेला कुणास ठाऊक.

"मला कौतुक नको होतं रे," ती शेवटी म्हणाली. "बंद करतोय म्हणाला असता तरी चाललं असतं. मग लोकांनी बघितलं असतं काय करायचं ते."

तिने पुन्हा शेंग उचलली. मास्तर तसेच बसून राहिले, हात दाबून धरलेला.