चावी न देणाऱ्या बाई

कॉम्प्युटर लॅबची चावी कुणी मागितली की लॅब सांभाळणाऱ्या आमच्या बाई पदर कमरेला खोचून स्वतःच उठायच्या. "चाबी मागू नको, काम सांग. मी उघडून देतो." ब्रह्मपुरीच्या आमच्या कॉलेजात प्राचार्यांनाही ती चावी कधी मिळाली नाही. अशी एखादी व्यक्ती तुमच्याही ऑफिसात असेल. पण आमच्या बाई इतक्या खुशीत नकार द्यायच्या की माणूस हसतच परत जाई.

मी त्यांच्या हाताखाली कॉलेजची वेबसाइट सांभाळत असे. एकदा प्राचार्य अकराला नवी साइट बघणार होते. ती तोवर सर्व्हरवर चढली नाही, तर काम नागपूरच्या कंपनीकडे जाणार आणि मी घरी बसणार, हे ठरलेलं होतं. आणि मी शहाण्यानं नेमका त्याच सकाळी साइट लिहून चढवायचा नवा एडिटर टाकला, तोही फ्लॅटपॅकमधून. असं ॲप आपल्या बंद खोलीत चालतं, बाहेरचं त्याला काही दिसत नाही. सर्व्हरची माझी चावीही त्याला दिसेना, त्यामुळे सर्व्हर त्याला आत घेईना. शेवटी मी ती चावीच, म्हणजे सर्व्हरचं दार उघडणारी माझी एसएसएचची खाजगी फाइल, त्या ॲपच्या फोल्डरात कॉपी करायला घेतली.

"काऊन रे बाबू, नव्या भाडेकरूले तिजोरीच देऊन राह्यला काय?" बाई मागून ओरडल्या.

मला खुर्चीवरून उठवून त्या बसल्या. "चाबी तुह्या कॉम्प्युटरातल्या एजंटपाशी, त्या राखणदारापाशी हाये नं? मंग ॲपनं एजंटले विचारावं, एजंटनं सही करून द्यावी. चाबी कुठीच जात नाई. त्याले बोलाले सॉकेटची खिडकी तेवढी उघडून दे."

त्यांनी एक ओळ टाइप केली. परवानगी तेवढ्या वेळेपुरतीच. एडिटर पुन्हा सुरू झाला आणि साइट चढली. बाईंनी आनंदानं टेबल बडवलं आणि अख्ख्या लॅबला तर्री-पोहे मागवले. प्राचार्य आले तेव्हा माझ्या शर्टावर तर्री सांडलेली होती, पण साइट त्यांना आवडली. नोकरी वाचली.

पुढे बाईंची चामोर्शीला बदली झाली. निरोपाचा नारळ घेऊन झाला, जीपवाला खाली हॉर्न वाजवत होता, आणि बाई निवांत सर्व्हर उघडून बसलेल्या. तिथली आपल्या नावाची परवानगी त्यांनी स्वतःच्या हातानं काढून टाकली. मग सर्व्हरमधून बाहेर पडून पुन्हा आत जायचा प्रयत्न करून पाहिला. सर्व्हरनं नकार दिला.

"पाह्य, मलेबी घेत नाई!" त्या टाळी वाजवून हसल्या.

माझे डोळे भरून आले. "बाई, तुमची तरी राहू द्यायची होती."

"काऊन?" नारळ काखेत मारत त्या म्हणाल्या, "तू हायेस नं अंदर."