गोल फुलाची बाभूळ

माझी सासू रेसियातो झाडपाल्यातली जाणकार. मगादीच्या उतारावर कुणाचं पोट दुखो, कुणाची गाय खंगो, माणसं आमच्याच दारात. तोंड मात्र फटकळ. मी वरच्या, मका पिकवणाऱ्या गावची, म्हणून चारचौघींत म्हणायची, "हिला काटा पायात शिरल्याशिवाय झाड कळत नाही." मला भारी राग यायचा.

त्या सोमवारी रागवायचंही त्राण नव्हतं. माझी तीन वर्षांची नानेऊ जुलाबांनी गळून गेली होती. डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे. नवरा गुरांमागे लांब, दवाखान्याची गाडी येणार गुरुवारी.

"बाभळीची साल हवी," सासू म्हणाली. "घरातली संपलीय. चल."

नानेऊला जावेपाशी ठेवून आम्ही ओढ्याकडे निघालो. सासूचा हात माझ्या खांद्यावर होता. मला वाटलं, थकली असेल.

ओढ्याकाठी सगळीकडे पिवळा फुलोरा. सासूनं एक फांदी चाचपली. काटे जोडीजोडीनं. "हीच." कमरेची गवताची जुडी तिनं बेचक्यात खोवली आणि पुटपुटत झाडाची परवानगी मागितली. आमच्यात गवत खोवलं की झाडाशी बोलणं झालं. त्यावर सुनेनं तोंड उघडलं तर तळतळाट लागतो.

तिनं सुरी काढली. मी वर पाहिलं. फुलं बोटाएवढी लांब होती. औषधाच्या बाभळीचं फूल गोल, माळेतल्या मण्यासारखं, हे तिनंच शंभरदा सांगितलेलं. ही तर वेडी बाभूळ, जमिनीची धूप थांबवायला बाहेरून आणून लावलेली. काटे हिचेही जोडीनंच. हिच्या शेंगा खाऊन आमच्या शेळ्यांचे जबडे वाकडे झाले होते.

सासूला हे दिसत कसं नाही? मग एकदम उमगलं. खांद्यावरचा हात. गेले कित्येक महिने माळेचे मणी मलाच ओवायला लावणं. बोलले तर तळतळाट, गप्प बसले तर नानेऊ.

"आई, थांबा."

"आता काय गं?"

"फूल लांब आहे."

"गवत खोवलंय मी."

"लांबच आहे, आई. बोटाएवढं."

सुरी खाली आली. "कुणाला सांगू नकोस गं," ती म्हणाली. इतका बारीक आवाज तिचा मी कधी ऐकला नव्हता. माझ्याहून तीच जास्त घाबरली होती. तिनं चाचपत गवत काढलं आणि माझ्या हातात दिलं. "तू शोध. तूच खोव."

गोल फुलाची बाभूळ तीसेक पावलांवर सापडली. मी फूल तीनतीनदा पाहिलं, तरी खात्री वाटेना. साल उकळल्यावर सासूनं वाटी माझ्यापुढे केली. "गवत खोवेल त्यानं पहिला घोट घ्यायचा." तुरट काढ्यानं जीभ आखडली. कुडाची सावली दारापर्यंत सरकेस्तोवर आम्ही दोघी माझ्या पोटाकडे लक्ष ठेवून बसलो. मग चमच्याचमच्यानं नानेऊला पाजलं.

दुसऱ्या दिवशी तिनं दूध मागितलं, तेव्हा मी ओक्साबोक्शी रडले.

माणसं अजून रेसियातोकडेच येतात. झाड मी शोधते, हे कुणाला ठाऊक नाही. पहिला घोट घेताना दरवेळी माझा हात थरथरतो. एकदा तिला विचारलं, "आई, तुमचाही थरथरायचा का हो?"

"म्हणून तर तुमच्याकडे पाठ करून प्यायचे," ती म्हणाली.