मनालीच्या फोटोतली बाई

स्की-लिफ्टच्या दांड्यावर बसायचं नसतं, हे मला बसल्यावर कळलं. तोवर मी अख्ख्या रांगेसमोर बर्फात आडवी झाले होते, माझी सात वर्षांची मुलगी माझ्या अंगावर होती आणि लिफ्ट थांबवावी लागली होती. आता मला नातवंडं आहेत, गुडघे माझ्या आधी उठायला नकार देतात, तेव्हा त्या बर्फातल्या बाईबद्दल खरं बोलायला हरकत नाही. बाई मूर्ख होती. नुसती मूर्ख असती तर खपून गेलं असतं, पण ही तोऱ्यात मूर्ख होती.

तोऱ्याचं मूळ मनालीत. लग्नानंतर आम्ही तिकडे फिरायला गेलो, तेव्हा रस्त्याच्या कडेला कोट भाड्याने मिळत. माझा मरून रंगाचा, खोट्या केसांचा. साऱ्या महाराष्ट्रातल्या नव्या नवऱ्या त्यात घाम गाळून गेल्या असाव्यात, असा त्याचा वास. पायांत गमबूट. वर बर्फावर एका माणसाने त्या गमबुटांना दोन फळ्या बांधल्या, कोपराला धरून मला जरा पुढे ओढलं, ह्यांनी फोटो काढला, त्याने फळ्या सोडल्या. झालं माझं स्कीइंग. घरी आल्यावर फ्रेममध्ये मावत नाही असं म्हणत मी त्या माणसाला कात्रीने कापून टाकलं. उरले मी आणि मागे हिमालय. त्याचा हात तेवढा माझ्या कोपरावर राहिला. पण कोटाच्या केसांत तो कुणाला दिसतोय, असं मला वाटायचं.

दोन हजार सालानंतर ह्यांना रेगेन्सबर्गला मोटारींच्या कारखान्यात नोकरी मिळाली आणि आम्ही तिघं जर्मनीत आलो. सामानात मोठ्या कुकरला जागा नव्हती, त्या फोटोला होती. तो टीव्हीच्या शेजारी उभा राहिला.

मुलगी तिथल्या शाळेत जायला लागली आणि बघता बघता जर्मन बोलायला लागली. मी मराठीत विचारायचं, तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, असं आमचं चाले. चारचौघांत तर ती मराठी शब्द तोंडातून काढत नसे. वर्गात तिला बरेच दिवस कुणी विचारत नव्हतं. वाढदिवसाची बोलावणी दुसऱ्यांना यायची. मग एक मैत्रीण मिळाली. एकच. तिच्यासाठी आमची पोरगी जीव टाकायची. त्या मैत्रिणीची आई दोन-तीनदा तिला आपल्याबरोबर बर्फावर घेऊनही गेली होती.

एके दिवशी शाळेच्या फाटकाशी त्या आईने मला विचारलं, तुम्हीही स्की करता का. 'मला येत नाही' हे वाक्य मला जर्मनमध्ये माहीत होतं. पण ते मराठीतसुद्धा माझ्या तोंडून कधी निघालेलं नव्हतं. जर्मनमध्ये 'या' म्हणजे हो. मी म्हणाले, "या, या. हिमालया."

तिचे डोळे विस्फारले. मुलीची मान ताठ झाली. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला ठाऊक होतं की हिची आई हिमालयात स्की करते.

त्या आईने आम्हाला शनिवारी आपल्याबरोबर बर्फावर बोलावलं. निघालो. ह्यांनी गाडी चालवता चालवता हळूच विचारलं, "अगं, तुला येतं का खरंच?"

"मनालीला केलं नव्हतं का? तुम्हीच तर फोटो काढलात."

"म्हणून तर विचारतोय."

शहरापासून तासाभरावर ते ठिकाण. त्याला ते लोक डोंगर म्हणतात. आमची पर्वती त्याच्याहून उंच, शिवाय तिला पायऱ्या आहेत. उन्हाळ्यात गाई चरतात असं एक उतरतं कुरण, त्यावर पांढरा थर, एक लिफ्ट, एक लाकडी खोपटं आणि तळणाचा वास. उतारावर अख्खी खानदानं. नाकं गळणारी पोरं, पोरांना घसरताना बघून धन्य होणारे बाप. एका टोकाला नुकत्याच चालायला लागलेल्या मुलांसाठी जमिनीलगत सरकता पट्टा होता. त्यावर ती पिठाच्या पोत्यांसारखी उभी राहून वर जात. मी हे सगळं माकडटोपीतून, भुवया उंचावून पाहिलं. असल्या टेकाडावर हिमालयाची बाई काय घसरणार, असा माझा चेहरा होता.

मैत्रिणीच्या आईने आपल्या बहिणीचे स्की आणि बूट आणले होते. बूट कसले, पायाला प्लास्टर घातल्यासारखं. मी कुंपणाला धरून फरपटत लिफ्टपर्यंत गेले. ती बिचारी आदराने बाजूला उभी राहिली. हिमालयवाल्या बाईला हात कसा द्यायचा?

लिफ्ट म्हणजे वर फिरणारी तार आणि तिला लोंबणारे, उलट्या टी अक्षरासारखे दांडे. दोघांनी शेजारी उभं राहायचं, आडवा दांडा मागून टेकवायचा, तो ढकलत वर नेतो. मुलीने माझ्यासोबत उभं राहायचा हट्ट धरला. मैत्रीण मागून बघत होती ना. दांडा येताना दिसला तशी ती जर्मनमध्ये पुटपुटली की आई, बसायचं नाही.

"तू गप गं. मला शिकवू नकोस," मी म्हणाले.

आणि झोपाळ्यावर बसावं तशी ऐसपैस बसले. दांड्याची दोरी सरळ खाली सुटत गेली, तिच्याबरोबर मी, माझ्याबरोबर पोर. लिफ्टवाल्या म्हाताऱ्याने यंत्र थांबवलं आणि लाउडस्पीकरवरून साऱ्या टेकाडाला सांगितलं, कृपया बसू नये. वर मध्येच अडकलेले लोक माना वळवून बघू लागले.

मैत्रिणीची आई धावत आली. माझा एक स्की माझ्या डोक्याशी होता, तोरा मात्र जागच्या जागी. मी मुलीला म्हणाले, "सांग त्यांना, आमच्याकडे हिमालयात बसूनच जातात."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग ती जर्मनमध्ये बोलली. माझं जर्मन भाजी घेण्यापुरतं होतं, पण तेवढं मला कळलं. ती सांगत होती, माझा स्की आईच्या स्कीवर चढला, मी पडत होते, आईने मला धरलं म्हणून ती पडली. चूक माझी.

"आख झो," म्हणजे असं होय, मैत्रिणीची आई म्हणाली. मग तिने मुलीच्या टोपीवरचा बर्फ झटकला आणि समजावलं की मग आज मोठी लिफ्ट नको, आज तू छोट्यांच्या पट्ट्यावर सराव कर.

आता इथे कुठलीही आई काहीतरी बोलली असती. एरवी मला गप्प बसवायला सासूबाईंनासुद्धा जमलं नव्हतं. मी गप्प बसले. नुसती बसले नाही, खोपट्यापुढच्या बाकावर गरम सरबत घेऊन बसले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा घोटा चोळत राहिले. मैत्रीण मोठ्या लिफ्टने वर जात होती, सूं करून खाली येत होती. माझी पोरगी पिठाच्या पोत्यांच्या रांगेत उभी होती, सगळ्यांत उंच. दर फेरीला ती मैत्रिणीला हात करायची. काही वेळाने मैत्रीण बघेनाशी झाली. मी सरबत संपवून दुसरं घेतलं.

हे सगळं घडत असताना आमचे हे फ्राइजच्या रांगेत होते, त्यामुळे त्यांना काहीच माहीत नव्हतं.

परतताना मात्र मैत्रीण आपण होऊन आमच्या गाडीत बसली. दोघी मागे, एकीचा हात दुसरीच्या खिशात. मैत्रिणीची आई पुढे आपल्या गाडीत. ती उद्या, रविवारी, लेकीला घेऊन आमच्याकडे जेवायला येणार होती. ह्यांनी विचारलं, "मग, कसं झालं स्कीइंग?"

"बर्फ चांगला नव्हता," मी म्हणाले. "आपल्याकडचा बर्फ वेगळा."

मग माझ्या सीटच्या पाठीला दोन हात धरले गेले आणि मुलीचं तोंड माझ्या कानाशी आलं. मैत्रीण शेजारी बसलेली असताना, माझी मुलगी मला स्वच्छ मराठीत म्हणाली:

"आई, उद्या ह्या दोघी घरी येतील ना, त्याच्या आधी तुझा मनालीचा फोटो आत ठेव. त्यात त्या काकांचा हात दिसतो."