सोमवारच्या बाई

परवा कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत लॅबमधल्या नव्या मुलीनं मला विचारलं, "मॅडम, तुमी लेकीसाठी शाळा काय बघून निवडलासा?" तिचा मुलगा जूनमध्ये पहिलीला जाणार, त्यामुळं महिनाभर ती सगळ्यांचं डोकं खाते आहे. "वार बघून," मी म्हणाले. सगळ्या हसल्या. हसू देत. मी खरंच वार बघून शाळा निवडली होती.

मी ओतकामाच्या कारखान्यात वाळू तपासते. वितळलेलं लोखंड ज्या साच्यात ओततात तो वाळूचा असतो. त्या वाळूत ओल किती, ती दाबाला टिकते किती, हे दिवसभर बघायचं. नोकरी चांगली, माणसं चांगली, फक्त सुट्टी सोमवारी. कोल्हापुरात बऱ्याच कारखान्यांचं तसंच आहे. नवरा हातकणंगल्याला पतसंस्थेत, त्याला सुट्टी रविवारी. लेक बालवाडीत होती तोवर काही अडलं नाही. सोमवारी मी तिला सरळ घरी ठेवून घ्यायचे. डोक्यावरून न्हाऊ घालायचं, एका ताटात जेवायचं, आणि दुपारी गार फरशीवर उताणं पडून वाट्टेल ते बोलत राहायचं. बाकीचे सहा दिवस मी निघायचे तेव्हा ती झोपलेली असायची. पहिलीचं वय आलं तसं माझ्या लक्षात आलं, की हा सोमवार आता शाळा नेणार. मला अभ्यासक्रमाची नाही की मैदानाची नाही, सोमवार जाणार याचीच धास्ती होती. आणि हे सांगायचं कुणाला? लोकांनी येड्यातच काढलं असतं.

नवऱ्याच्या मनात एक इंग्रजी शाळा भरली होती. बस दारात येते, टाय असतो, झालं. मुलाखत रविवारी, दोघांनी यायचं. मी सुट्टी मागून, बोलणी खाऊन गेले. टेबलापलीकडच्या बाईंनी माझ्या कामाच्या वेळा विचारल्या आणि गोड हसून म्हणाल्या, "आम्हाला मुलांना वेळ देणारे पालक हवे असतात." माझ्या नखांत तेव्हाही काळी वाळू होती. ते हात मी पदराखाली घेतले, त्याचा राग मला आजही येतो. त्या बाईंचा नाही, माझा. रस्त्यावर आल्यावर मी नवऱ्याला म्हणाले, या शाळेची पायरी पुन्हा चढणार नाही. तो बिचारा स्कूटर सुरू करायला लागला.

मग मी एकटीच सोमवारी शाळा बघत हिंडले. एका ठिकाणी वॉचमननं फाटकातच अडवलं, "पालकांनी आत यायचं न्हाय." दुसऱ्या ठिकाणी आत घेतलं, पण वर्ग काचेबाहेरून दाखवले. शेवटी कंटाळून आमच्याच गल्लीच्या तोंडाशी असलेल्या महापालिकेच्या शाळेत शिरले. मुख्याध्यापिका बाई व्हरांड्यात उभ्या राहून मुलांच्या खिचडीची चव घेत होत्या. ठेंगण्या, आवाज मात्र सगळ्या पेठेला ऐकू जाईल असा. माझ्या हातातही एक वाटी आली.

"मीठ बगा बरं. मला मेलं बीपीच्या गोळ्यांनी कळंना झालंय."

मी म्हटलं, जरा कमी आहे. तिथंच बसून मी त्यांना सगळं सांगून टाकलं, सोमवारसकट. कुणाला न सांगितलेलं त्यांना का सांगितलं कोण जाणे.

"मग सोमवारी येत जावा की," बाई म्हणाल्या. "पहिली-दुसरी माझ्याकडंच हाय. वाचून घ्यायला एक माणूस पायजेच हाय मला. पर एक. शाळंत आलं की ती तुमची लेक न्हाय. बाकीच्यांसारखीच."

घरी वादावादी झाली. लोक काय म्हणतील, नवरा म्हणाला. "लोक येणार आहेत का सोमवारी तिच्याजवळ बसायला?" मी म्हणाले. प्रवेश झाला.

आयुष्यातले ते सोमवार आठवले की अजून आत कुठंतरी ऊब येते. जुन्या बसकर पट्ट्यांवर मांडी घालून बसलेली पोरं, तेल चोपडलेली डोकी, भिजलेल्या फडक्याचा आणि खडूचा वास. पोरांनी मला "सोमवारच्या बाई" करून टाकलं. मंडईत एखादं पोरगं भाजी विकणाऱ्या आईचा पदर ओढून ओरडायचं, "आई, सोमवारच्या बाई!" आणि त्याची आई कोथिंबिरीची जुडी जास्तीची घालायची. मला त्याचा भारी अभिमान होता. माझी पद्धत ठरलेली होती. ओळीनं एकेकापुढं बसायचं. घडाघडा वाचलं की पाठीवर थाप आणि पुढचा. जो अडखळेल त्याला शेजारी ओढून घ्यायचं, ओळीखालून बोट फिरवत सगळा धडा पुरा करायचा. लेकीची पाळी आली की तिलाही एक थाप, आणि पुढं. बाईंना दिलेला शब्द मी पाळत होते. एकाच खोलीत आहोत, मला वाटायचं, आणखी काय हवं?

दुसरीत गेल्यावर ती अडखळायला लागली. आधी जोडाक्षरांना, मग साध्या शब्दांनाही. मी शेजारी घेऊन बसायचे, बोट फिरवायचे, तरी 'चिमणी' म्हणायला हिला तीन दम लागायचे. संध्याकाळी घरी मी स्वयंपाकाच्या घाईत असायचे, अभ्यास नवराच घ्यायचा. तो म्हणायचा, "अगं, घरी तर चांगलं वाचती." मी म्हणायचे, तुम्ही लाडानं म्हणता. मनातून मात्र हादरले होते. इंग्रजी शाळा सोडून इथं घातली ती मी, आता पोरीचं वाटोळं केलं तेही मीच, असं रोज वाटायचं. एका सोमवारी मात्र माझा तोल गेला. चौथ्यांदा तीच ओळ चुकली तशी मी पुस्तक फरशीवर आपटलं. "लाज वाटत नाही? सगळी पोरं पुढं गेली!" ती रडली नाही, नुसती मान खाली घालून पट्टीचा सुटलेला दोरा ओढत बसली.

सुट्टीत मी बाईंना म्हणाले, "हिचं नाव काढून घेते. हिला जमत नाही इथं."

बाई माझ्याकडं बघतच राहिल्या. "काय बोलताय? परवा शनिवारी हिनं अख्ख्या वर्गाला गोष्ट वाचून दावली. एक शबुद चुकली न्हाय."

मी शाळा सुटेपर्यंत थांबले. घरी येताना तिचं दप्तर मी घेतलं. फाटकाबाहेर वाकून मी विचारलं, "शनिवारी वाचता येतं, मग सोमवारी काय होतं गं तुला?"

तिनं माझ्या हातातल्या दप्तराचा पट्टा धरला. मग म्हणाली, "चांगलं वाचलं की तू फुडं जातीस."

गल्लीत माणसं होती, तरी मी तिथंच रस्त्याच्या कडेला बसले. पहिलीचं अख्खं वर्ष मी दर सोमवारी तिच्या पाठीवर थाप मारून पुढं गेले होते. तिला जे उमगलं होतं ते मला शिकल्यासवरल्या बाईला उमगलं नव्हतं. अडखळणाऱ्यालाच आई मिळते, हे तिनं बरोबर हेरलं होतं. मी तिला पोटाशी धरलं आणि तिच्यापुढं हमसून रडले.

पुढच्या सोमवारी मी वर्गात गेले ती थेट तिच्यापाशी. तिनं पुस्तक उघडलं, माझ्याकडं एकदा बघून घेतलं आणि सगळा धडा एका दमात वाचून काढला. कुठं अडली नाही. वाचून झाल्यावर तिनं पुस्तक मिटलं, आणि पाठीवर थाप पडायची वाट बघितल्यासारखी अंग आवळून बसली. "आता पुढचा धडा वाच," मी म्हणाले. मग त्याच्या पुढचा. मागून पोरं ओरडायला लागली, "बाई, आमचं कवा? बाई, माझा नंबर!" दारात मुख्याध्यापिका बाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी उठले नाही.