ओवाळायला आई, चालवायला काका

भातलावणीचं यंत्र आमच्या धायरीच्या खाचरात पहिल्यांदा आलं, तेव्हा मला संगणकाच्या नोकरीत वर्ष झालं होतं. घरातली पहिली पदवीधर मी, आणि हे मी चारचौघांत मान ताठ ठेवून सांगते. माझं शिक्षण आईच्या कमरेवर झालं. दिवसदिवस गुडघाभर चिखलात वाकून तिनं रोपं लावली.

आमच्यात नांगर पुरुषाचा, लावणी बाईची. बाईनं नांगराला हात लावायचा नाही. मग लावणीचं यंत्र कोणाचं? बाईचंच की! पण त्याला इंजिन होतं, मागं धरायला दोन दांडे होते. झालं, ते नांगराच्या जातीत गेलं. भाड्याच्या यंत्राबरोबर आलेल्या माणसानं ते कसं चालवायचं, हे फक्त काकांना शिकवलं. आईच्या हातात ओवाळायचं ताट दिलं.

ओवाळता ओवाळता आई म्हणाली, "भावजी, ह्या खाचरात चिखल आज सकाळी केलाय. रातभर बसू द्या. रोपं तरंगतील."

"वहिनी, कुंकू लावा नि बाजूला व्हा. ह्यातलं तुम्हाला काय कळतंय?"

तीस वर्षं लावणी करणाऱ्या बाईला हे विचारत होते! वडील बांधावर उभे राहून तंबाखू मळत होते. मी तोंड उघडलं, तर काका म्हणाले, "तू तुझा कंप्युटर बघ."

संध्याकाळपर्यंत निम्मं खाचर तरंगत होतं. काकांच्या तोंडून एवढंच निघालं, "वहिनी, उद्या बायका बोलवा, रिकाम्या जागा हातानं सांधून घ्या."

म्हणजे यंत्र आलं तरी वाकायचं बायकांनीच. माझं डोकं फिरलं. आई मात्र शांतपणे म्हणाली, "सांधते. पण खालच्या खाचरात यंत्र मी धरणार. मगच बायका येतील."

"बाई कधी नांगर धरती व्हय?"

"तुमच्या नांगराला पेट्रोल कधीपासून लागाय लागलं, भावजी?"

यंत्रवाला फिस्सकन हसला. काकांनी वडिलांकडं पाहिलं. वडिलांनी तंबाखू तोंडात टाकली नि म्हणाले, "धरू दे की."

खालच्या खाचरातला चिखल आदल्या दिवशीचा, चांगला बसलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं पदर खोचला, दांडे धरले. यंत्रानं तिला ओढत नेलं आणि पहिली ओळ वाकडी गेली. दुसरी जरा बरी. तिसरीपासून सुतात. एक रोप तरंगलं नाही. त्यानंतरच तिनं बायकांना हाक मारली आणि स्वतः वरच्या खाचरात सांधायला वाकली.

आता तिथं इमारती आहेत. घरात कार्य निघालं की काका अजून पाहुण्यांना रंगवून सांगतात, "वहिनींची पहिली ओळ अशी वाकडी, अशी वाकडी..." आणि सगळे हसतात. त्यांचं निम्मं खाचर तरंगलं होतं, ते मात्र कोणाला आठवत नाही. म्हणून लिहून ठेवलं.