स्टोच्या डोक्यावरचं कुंकू

मलकापुरात कुणाचा स्टो भडकला की बाया आधी बयाबाईला हाक मारत. आणि बयाबाई आल्या आल्या एकच विचारी, "कुकू कुठं लावलंस गं?" नव्या माणसाला वाटे, बाईचं डोकं फिरलंय. पण हा प्रश्न तिला फुकट मिळाला नव्हता.

तिचा नवरा लालासाहेब लढाई संपायच्या आधीच फौजेतून परत आला, तो छाती घालवून. चुलीचा धूर नाकात गेला की असा खोके की शेजारची माणसं उठून बसत. कराडच्या डॉक्टरांनी धूर वर्ज्य सांगितला होता, आणि घर तर एकाच खोलीचं. नशीब एवढंच की त्याच्या ट्रंकेत फौजेतला एक छोटा पितळी स्टो होता. खाटेवर बसल्या बसल्या त्यानं बायकोला तो शिकवला. आधी काकडा लावून डोकं तापवायचं, मगच पंप मारायचा. स्टो निळा जळू लागला आणि चार महिने घरात कुणी खोकलं नाही.

खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी तो भडकला. पिवळा जाळ पार आढ्याला पोचला. सासरे तात्याबा यांनी घागर उपडी केली, तसं पेटतं राकेल पाण्यावर तरंगत उंबऱ्याकडे धावलं.

"चावी सोड, बये!" लालासाहेब खाटेवरून ओरडला. तिनं हाताला पदर गुंडाळून चावी सोडली. सूं करून हवा गेली, जाळ बसला. जमिनीवरची आग तिनं माती टाकून विझवली.

तात्याबा मायाळू होते, पण आगीला भ्यालेला माणूस कुणाचं ऐकतो? "ह्यो भडक्या घर खाईल," ते म्हणाले. "चूल पेटवा. परवा सकाळी गाडी जुपतो. लाला मळ्यातल्या छपरात ऱ्हाईल."

"एकलं?" बयाबाईनं विचारलं.

"गुंडा भाकरी पोचवील." गुंडा म्हणजे त्यांचा गडी.

छप्पर ओढ्याकाठी, थंडी तोंडावर आलेली. तिथं हा माणूस माघ बघणार नाही, हे बयाबाईला लख्ख दिसलं. रडायला तिला सवड नव्हती. शाळेचं तोंड न बघितलेली बाई, पण तिचा एक हिशेब पक्का होता: काल दूध दिलेली म्हैस आज लाथ मारते, तर मधे आपण तिला काय केलं ते आधी आठवावं.

रेशनच्या राकेलात पाणी असेल म्हणून तिनं ते धडप्यातून गाळलं. अंगणात स्टो पेटवला, भडकला. चावी सोडली. पंपाच्या चामडी वायसरला तेल पाजलं. पुन्हा भडकला. दुसरी एखादी पळाली असती. ही तिसऱ्यांदा पेटवून जाळाकडे टक लावून बसली, आणि तिच्या ध्यानात आलं की जाळ दर वेळी एकाच बाजूला कलतोय.

मग आठवलं. फौजेची वस्तू म्हणजे हत्यारच, म्हणून खंडेनवमीला तिनं स्टो चिंच-राखेनं घासला होता, कोयत्या-कुऱ्हाडीशेजारी पाटावर मांडला होता आणि ओल्या बोटानं त्याच्या डोक्यावर, अगदी मधोमध, कुंकू लावलं होतं. कौतुकानं लावलं होतं, आणि तेच नडलं.

लालासाहेबाकडून पाना घेऊन तिनं निपल, म्हणजे डोक्यातलं वाफ सोडणारं बारीक भोकाचं बोंड, काढून उन्हात धरलं. भोक अर्धंच दिसत होतं. भोक साफ करायची पिन कधीच हरवलेली, सुई आत जाईना. तेवढी बारीक तार घरात एकच होती, तात्याबांच्या एकतारीची. त्या एकतारीला घरात दुसरं कुणी हात लावत नसे.

ठरल्या दिवशी सकाळी गाडी जुंपली. गुंडानं खाट अंगणात आणली. बयाबाई चार माणसांदेखत सासऱ्यांपुढं उभी राहिली.

"मामंजी, स्टो चांगला हाय. चूक माजी हाय. म्याच त्येच्या भोकात कुकू घातलं. तुमच्या एकतारीची तार द्या."

आपली चूक अशी चारचौघांत कबूल करायला छाती लागते.  तात्याबा आत गेले, एकतारी आणली आणि स्वतःच्या हातानं तार तोडून दिली.

तारेच्या टोकाशी लाल चिखलाचा एक कण आला, मोहरीच्या चौथाईएवढा. तिनं काकडा लावला, डोकं नीट तापू दिलं, पंप मारला. जाळ सरळ उभा राहिला आणि हळूहळू निळा झाला. तिनं वर चहा ठेवला, आणि बघता बघता त्याला उकळी आली.

"गुंडा, बैलं सोड रं," तात्याबा म्हणाले, आणि खाटेचं एक टोक त्यांनी स्वतः उचललं.

त्या संध्याकाळी ओसरीवर भजनाला एकतारी नव्हती. तात्याबांनी नुसत्या टाळीवर अभंग धरला. पहिला चरण संपला, आणि दुसरा आतून, स्टोशेजारच्या खाटेवरून आला. आवाज बारीक होता, पण चरण न खोकता पुरा झाला. तात्याबांची टाळी चुकली.