विणकाम करताना एवढ्या उंचावरून कोणी पडत नाही

"एल वन बर्स्ट फ्रॅक्चर," डॉक्टर म्हणाले आणि सीटी स्कॅनची फिल्म त्यांनी माझ्या तोंडावर धरली, कारण मला मान हलवायची परवानगी नव्हती. कमरेच्या पहिल्या मणक्याला एल वन म्हणतात. बर्स्ट म्हणजे तो नुसता तडकलेला नाही, चहूबाजूंनी फुटलाय. त्यातला एक तुकडा मागे, पायांकडे जाणाऱ्या नसांच्या अंगावर सरकला होता. "ताई, मघाशी तुम्हाला व्हीलचेअरवर बसवलं असतं ना, तर आपण आत्ता वेगळंच बोलत असतो," ते म्हणाले.

ते "मघाशी" काय होतं, एवढंच सांगायला लिहितेय. डोंगरावरून झेप घ्यायची हौस आहे आणि घरी पॉलिसीही काढून ठेवली आहे, अशा सगळ्यांनी वाचावं.

मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. राहायला चऱ्होलीत. वय त्रेचाळीस. चार वर्षांपासून सुट्टीच्या दिवशी मावळात पॅराग्लायडिंग करते. "या वयात नसते उद्योग" हे माहेरी ऐकून झालं, सासरीही ऐकून झालं. मी ऐकून घेते आणि रविवारी सकाळी निघते.

त्या रविवारी चूक माझीच होती. दुपारी वारा उलटसुलट व्हायला लागला तेव्हा शिकवणारे सर म्हणाले, "आता पुरे." मी म्हटलं, एकच. उतरताना दोन मजल्यांएवढी उंची उरली होती आणि डोक्यावरचा कापडी पंख अर्धा मिटला. मी बसल्या बसल्याच जमिनीवर आपटले. पाय हलत होते, पण कमरेत पहार घुसावी तशी कळ. सरांनी मला उठू दिलं नाही. फळीवर आडवी बांधून जीपने शहरातल्या हॉस्पिटलात आणलं.

सरांनी वाटेतून फोन केल्यामुळे दारात माझा नवरा संजय आधीच उभा होता. त्याने सरांना "तुम्ही निघा, मी बघतो" म्हणून लावून दिलं आणि आतल्या तरुण डॉक्टरला सांगितलं, "जिन्यावरून घसरली. दोन-तीन पायऱ्या."

मला वाटलं, याला धक्का बसलाय. तेवढ्यात तो कानाशी वाकला. "विन्याचा फोन आलता. पॅराग्लायडिंगचं नाव काढू नका म्हणाला. पॉलिसीत ते लिहिलेलंच नाही, इथल्या कागदांवर आलं तर ती रद्द होईल."

विन्या म्हणजे विनोद, माझा धाकटा दीर, विमा एजंट. माझी टर्म पॉलिसी, म्हणजे मी मेल्यावर घरच्यांना पैसे देणारी, त्यानेच काढलेली. फॉर्ममध्ये विचारलं होतं, धोकादायक छंद आहे का? मी म्हटलं, भावजी, लिहा की. तो म्हणाला, "कशाला वहिनी? हप्ता वाढतो, चौकशा वाढतात. सगळेच 'नाही' लिहितात." आणि छंद म्हणून त्याने लिहिलं, विणकाम. मला साधं शर्टाचं बटण लावता येत नाही. मी हसले आणि सही केली. सही माझी आहे, तेव्हा विनोदच्या नावाने खडे फोडण्यात अर्थ नाही.

डॉक्टरांनी फळीचे पट्टे सोडवून घोटा दाबून बघितला, तो सुजलाच होता. दोन-तीन पायऱ्या म्हटल्यावर त्यांनी घोट्याचा एक्स-रे लिहिला. त्यात त्यांचं काय चुकलं? वॉर्डबॉय मामा व्हीलचेअर घेऊन आले. "चला ताई, उठून बसा."

आमच्या लाइनवर नियम आहे. हातातून पार्ट पडला की तो बाद मालाच्या लाल पेटीत, मग वरून कितीही चकचकीत दिसो. आतला तडा डोळ्याला दिसत नाही आणि तोच पार्ट पुढे कोणाच्या तरी गाडीत बसतो. नवे कामगार हमखास इकडेतिकडे बघून पडलेला पार्ट गुपचूप ट्रेमध्ये ठेवतात. पकडलं की मी दोनच गोष्टी विचारते, पडला का आणि किती उंचीवरून. आता तेच काम माझा नवरा करत होता आणि पार्ट मी होते. मला त्याचा भयंकर राग आला. कीवही आली.

"डॉक्टर, जिना नाही," मी म्हटलं. "पॅराग्लायडिंग. वीस-पंचवीस फुटांवरून बसूनच आपटले. कमरेत कळ आहे. मला बसवू नका."

व्हीलचेअर क्षणात बाजूला गेली. "कोणीही हलवायचं नाही," डॉक्टर ओरडले. मग चौघांनी मिळून मला लॉग रोल केलं, म्हणजे मान, पाठ, कंबर एका रेषेत ठेवून ओंडक्यासारखं कलंडवलं. सीटी झाला. एमआरआय झाला, त्यात नसा दिसतात. "अंगठा वर करा. इथे टोचतंय? इथे?" टोचत होतं. टोचण्याचा एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. संजय भिंतीला टेकून रडत होता.

दुसऱ्या दिवशी पेडिकल स्क्रू फिक्सेशन झालं. फुटलेल्या मणक्याच्या वर आणि खाली स्क्रू घालून दोन सळ्यांनी आधार देतात. त्यानंतरचे दोन दिवस मी छताकडे बघत बोटं हलवत होते, सारखी, न थांबता. बोटं हलायची थांबतील अशी भीती होती. तिसऱ्या दिवशी पट्टा बांधून उभी राहिले. चार पावलं टाकली. फळीवर आणणाऱ्या सरांचे आणि ऐकताक्षणी व्हीलचेअर बाजूला करणाऱ्या त्या तरुण डॉक्टरचे उपकार मी विसरणार नाही.

घरी आल्यावर पहिलं काम केलं, विमा कंपनीला खरं कळवायचं पत्र लिहिलं. विनोद धावत आला. "वहिनी, हाताने पायावर धोंडा पाडून घेताय. पॉलिसी रद्द करतील."

"भावजी, मी तिथेच गेले असते तर काय सांगणार होतात? विणता विणता आभाळातून पडली?"

तो आधी हसला. मग त्याने पत्र वाचून काढलं. शेवटी कागद त्यानेच नेऊन दिले. तुम्हालाही सांगते, फॉर्ममध्ये लपवलेलं नेमकं तेव्हा बाहेर येतं, जेव्हा भांडायला आपण नसतो.

महिन्याभराने उत्तर आलं. पॉलिसी चालू राहिली, हप्ता वाढला. उडताना मृत्यू झाला तर मात्र काही मिळणार नाही, अशी अट घातली. संजयने पत्र दोनदा वाचलं. "म्हणजे तू वर असशील तेवढा वेळ आमच्या पदरात काही नाही," तो म्हणाला.

माझा जीव, माझी जोखीम, असं मी चार वर्षं ठणकावून सांगत होते. ती जोखीम संजयचीही होती, आणि त्याला कोणी विचारलंच नव्हतं. मी त्याला म्हटलं, डॉक्टरांनी परवानगी दिली तरी तू हो म्हटल्याशिवाय जाणार नाही. आणि सर पुरे म्हणाले की पुरे.

ऑपरेशनला वर्ष झालं आणि परवा डॉक्टरांनी परवानगी दिली. मी संजयला विचारलं. तो ताट उचलून आत गेला, भांडी घासली, हात पुसत बाहेर आला.

"जा," म्हणाला. "पडलीस तर डॉक्टरांना काय सांगायचं ते आता मला पाठ आहे. जिना नाही."